गॅसच्या शेगडीची वीजजोडणी कोणाच्या जबाबदारीची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात नवी शेगडी येते तेव्हा गॅसच्या जोडणीकडे सगळ्यांचे बारीक लक्ष असते. नळी कुठली आहे, सांधा घट्ट बसला आहे का, साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे येतात का, हे फिटर पाहतो आणि घरातली मंडळीही शेजारी उभी राहून पाहतात. त्याच शेगडीच्या मागून निघालेली विजेची वायर मात्र जे सॉकेट जवळ सापडेल त्यात खोचली जाते. घरगुती वायरिंगची कामे करताना हा प्रकार मी सतत पाहतो. फिटरच्या दृष्टीने वीज हे त्याचे काम नसते, इलेक्ट्रिशियन ओटा बांधण्याआधीच पॉइंट काढून गेलेला असतो आणि शेगडीची निवड त्यानंतर होते. त्यामुळे गॅसवर चालणाऱ्या उपकरणाची वीजजोडणी कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्या संदर्भात काही गोष्टी आपल्या वाचकांसमोर ठेवाव्यात, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न असा, की आपण घेत असलेल्या शेगडीला विजेची गरज आहे का आणि असल्यास किती? हाताने पेटवायच्या शेगडीला वीज लागत नाही. काही शेगड्यांत ठिणगीसाठी साधा सेल बसवलेला असतो, तर काहींत नॉब दाबल्यावर आतल्या स्फटिकावर आघात होऊन ठिणगी पडते. त्यांनाही घरातल्या विजेची गरज नसते. घरच्या विजेवर ठिणगी देणाऱ्या हॉबला (ओट्यात बसवायच्या शेगडीला) जेमतेम काही वॅट पुरतात. गॅसच्या ओव्हनमध्ये दिवा, पंखा आणि घड्याळ असले तरी एकूण भार सहसा शंभर वॅटच्या आसपासच राहतो, त्यामुळे साधा सहा अँपिअरचा थ्री-पिन पॉइंट पुरेसा ठरतो. याला एक अपवाद आहे. काही गॅस ओव्हनमध्ये ठिणगीऐवजी तापून लाल होणारी कांडी असते आणि ती एकटीच तीन-चारशे वॅट घेते.

खरी गफलत होते ती वर गॅसचे बर्नर आणि खाली विजेचा ओव्हन असलेल्या शेगडीच्या बाबतीत. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात आणि बोलताना दोन्हींना गॅसची शेगडीच म्हटले जाते. मात्र तीन किलोवॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो आणि तोही सलग तास-दीड तास. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतःचा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) हवा. ओव्हन, ग्रिल आणि विजेची तबकडी मिळून भार सहा किलोवॅटपर्यंत जात असेल तर प्रवाह २६ अँपिअरच्या घरात पोहोचतो. अशा वेळी प्लगचा विचार सोडून जाड वायर आणि वेगळा आयसोलेटर स्विच (उपकरणाचा वीजपुरवठा पूर्ण तोडणारा) घेऊन कायमची जोडणीच करावी लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर असा ओव्हन चालवलेल्या घरांत सॉकेटची भोके तपकिरी पडलेली आणि प्लगची पिन काळवंडलेली मी पाहिली आहे. आपल्या शेगडीचा वॅटचा आकडा शोधायला फार खटपट करावी लागत नाही. शेगडीच्या मागे किंवा तळाशी रेटिंग प्लेट असते आणि तिच्यावर व्होल्ट व वॅट छापलेले असतात. हॉब ओट्यात बसला की ती प्लेट दिसेनाशी होते, म्हणून बसवण्याआधीच तिचा फोटो काढून ठेवावा.

आता अर्थिंगविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होते. हॉबची वायर उघडली की तीन तारा दिसतात, त्यांतली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार अर्थिंगची. जुन्या बोर्डावर दोनच भोके असली की ही तार कापून, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून दोन पिनांचा प्लग लावून दिला जातो. शेगडी पेटते, म्हणून काम झाले असे सगळ्यांना वाटते. पण हॉबचा सांगाडा धातूचा, त्यावर उतू गेलेले पाणी, हाताळणारे हात बहुधा ओले आणि खालून जोडलेली गॅसची धातूची पाइप, अशा जागी फेजची तार सांगाड्याला टेकली तर त्या प्रवाहाने कुठे जायचे? अर्थिंगची तार जागेवर असेल तर तो तिच्यातून जमिनीकडे जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) तत्क्षणी पडतो. ती नसेल तर सांगाड्याला हात लावणारा माणूस किंवा गॅसची पाइप यांतून त्याला वाट मिळते. पाइपच्या सैल सांध्यातून प्रवाह वाहू लागला तर सांधा तापतो, तिथे ठिणगी उडू शकते आणि आत तर गॅसच असतो.

याच कारणामुळे अर्थिंगसाठी गॅसच्या पाइपचा वापर कधीही करू नये. धातूची पाइप जमिनीतूनच आली आहे, मग तिलाच तार बांधली तर काय बिघडले, असा युक्तिवाद मी ऐकलेला आहे आणि तो मला फार धोकादायक वाटतो. पाइप घरात शिरते तिथे ती मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडतात, तो प्रकार वेगळा आहे. त्यामागचा हेतू पाइप आणि इतर धातूंचे भाग एकाच विद्युत पातळीवर राहावेत, एवढाच असतो. शेगडीचा दोषप्रवाह वाहून नेण्याचे काम पाइपकडे सोपवणे हा त्याचा अर्थ नव्हे.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, मग अर्थिंगची एवढी काळजी कशाला, असेही विचारले जाते. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतली तफावत मोजतो. अर्थिंग शाबूत असेल तर दोष निर्माण होताच ही तफावत पडते आणि पुरवठा बंद होतो. अर्थिंग नसेल तर कोणीतरी सांगाड्याला स्पर्श करेपर्यंत तफावत पडेलच असे नाही, म्हणजे दोष असल्याचे पहिल्यांदा कळते ते माणसाच्या अंगातून. घरात दोन्ही असायलाच हवेत.

अर्थिंग आणि फेज-न्यूट्रलची जागा यांचा संबंध शेगडी नीट चालण्याशीही आहे. विझलेला बर्नर आपोआप पुन्हा पेटवणाऱ्या शेगड्या ज्वालेतून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून ज्वाला ओळखतात. फेज-न्यूट्रल उलटे असतील किंवा अर्थिंग तुटलेले असेल तर ही ओळख पटत नाही आणि बर्नर पेटल्यावरही टिकटिक चालूच राहते. नॉबखालच्या स्विचमध्ये पाणी गेल्यानेही असे होते, पण कोरडे करूनही आवाज थांबत नसेल तर शेगडी बदलून मागण्याआधी सॉकेट तपासून घ्यावे.

सॉकेटची जागा हा ओटा बांधण्याआधी ठरवण्याचा विषय आहे. बटण पेटत्या बर्नरवरून हात न नेता बंद करता आले पाहिजे, म्हणून ते शेगडीच्या मागच्या भिंतीवर नको, बाजूला हवे. ओव्हनच्या थेट पाठीमागे सॉकेट असले तर प्लग उष्णतेत दाबला जातो आणि बंद करायचे म्हटले तर अख्खे उपकरण ओढून काढावे लागते. शेजारच्या कपाटातली जागा त्यापेक्षा कितीतरी बरी. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण सहसा ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. ती ओव्हनच्या पाठीला किंवा हॉबच्या बुडाला टेकता कामा नये, तसेच गॅसच्या नळीला गुंडाळलेली किंवा तिच्याबरोबर बांधलेली नसावी.

सिलिंडरच्या कपाटात तर सॉकेट मुळीच नसावे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी मिश्रण पेट घेऊ शकते. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडतच असते, त्यामुळे गॅसचा वास आल्यावर कुठलेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. घाबरून शेगडीचा प्लग उपटण्याचा मोह होतो, तोही टाळावा. गॅसचा कॉक बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडावे.

वीज गेल्यावर काय, याची चौकशी खरेदीच्या वेळीच केलेली बरी. ज्वाला विझल्यावर गॅस बंद करणारी सुरक्षा-व्यवस्था बहुतेक हॉबमध्ये थर्मोकपलवर चालते. ज्वालेच्या उष्णतेतून निर्माण होणारे काही मिलिव्होल्ट तिला पुरतात, म्हणून वीज नसतानाही ती काम करते आणि बर्नर काडीने पेटवता येतात. तापणाऱ्या कांडीचा ओव्हन मात्र विजेशिवाय पेटत नाही आणि तो काडीने पेटवण्याचा प्रयत्नही करू नये.

उत्पादकांना आणि विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की शेगडीला किती वॅट लागतात, पॉइंट कुठल्या क्षमतेचा हवा आणि अर्थिंग अनिवार्य आहे, हे खोक्यावर ठळक मराठीत छापावे आणि ऑर्डर घेतानाच ग्राहकाला सांगावे. ओट्याचा आराखडा करणाऱ्यांनी शेगडीचे मॉडेल ठरल्याशिवाय विजेचे पॉइंट नक्की करू नयेत. ज्यांच्या घरी शेगडी आधीच बसलेली आहे त्यांनी एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या एका सॉकेटचे अर्थिंग आणि फेज-न्यूट्रल मोजून घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचेही नाही. बसवून देणाऱ्या फिटरनेही काम संपल्याची सही घेण्यापूर्वी प्लग तीन पिनांचा आहे ना, एवढे पाहून जावे.

आपला विश्वासू,
वायरिंगचे काम करणारा एक वाचक