अबोल मुलास, त्याच्या पहिल्या अप्रेझलनंतर

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू अप्रेझलचा निकाल एका दमात सांगितलास आणि लगेच विषय बदललास. काम उत्तम, मुदती पाळतो, परंतु बैठकांत बोलत नाही आणि टीममध्ये मिसळत नाही, असा शेरा आला आहे, एवढेच मला कळले. मग तू विचारलेस, ‘आई, मी बदलायलाच हवं का?’ आणि मी काही बोलण्याआधीच ‘जाऊ दे’ म्हणून फोन ठेवलास. तेव्हा जे सुचले नाही ते आता सावकाश लिहीत आहे. दुपारी तू जेवायला कोणाबरोबर बसतोस, हे मात्र मी विचारणार नाही, कारण मागच्या वेळी विचारले ते तुला आवडले नव्हते.

शेरा ऐकल्यापासून मला सारखे अण्णा आठवत आहेत. शेवटच्या वर्षांत ते कोणाच्या बोलण्याला धड उत्तर देत नसत, म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्यांना तऱ्हेवाईक ठरवले होते आणि नंदूमामा तर त्यांच्यावर उघड चिडत असे. तू तेवढा रोज त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसायचास आणि तुझ्याशी ते तासन्‌तास बोलत. पुढे कानाच्या डॉक्टरांनी त्यांचा डावा कान जवळजवळ गेल्याचे सांगितले, तेव्हा मी तुला विचारले की तुला हे ठाऊक होते का. तू शांतपणे म्हणालास, ‘मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.’ आम्हा मोठ्यांपैकी एकालाही जे दिसले नाही ते तुला दिसले होते, याचा अभिमान मला आजही वाटतो. पण ते तू कोणापाशीही बोलला नाहीस, याची धास्तीही तेव्हापासूनच माझ्या मनात घर करून आहे.

तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. बोलका हो, असे मी तुला सांगणार नाही. तुझ्यासारखी माणसे बारकाईने पाहतात, पण आपल्याला दिसले ते इतरांनाही दिसलेच असेल असे धरून चालतात आणि गप्प राहतात. बहुतेक वेळा ते इतरांना दिसलेले नसते. बदलायचेच असेल तर तेवढे एक गृहीत बदल.

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, त्यामुळे मला उदाहरणे तिथलीच सुचतात. आमच्याकडे एक नवी सिस्टर आली होती. ती तुझ्याहूनही अबोल होती आणि सुट्टीच्या वेळीही एका बाजूला बसून असे. एकदा पोटाच्या शस्त्रक्रियेत टाके घालण्यापूर्वी तिने वापरलेले मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजले, फळ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिले आणि म्हणाली, ‘सर, एक मॉप कमी आहे.’ सर्जन दमले होते. ‘असेल इथेच कुठेतरी, पुन्हा मोजा,’ असे म्हणत त्यांनी सुईसाठी हात पुढे केला. तिने पुन्हा मोजले, पण सुई काही दिली नाही, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, ‘पुन्हा मोजले, सर. एक कमीच आहे. तो मिळेपर्यंत पोट बंद करता येणार नाही.’ रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यांत असा मिसळून जातो की तो नजरेला दिसत नाही, हातालाच लागावा लागतो, आणि तो तसाच सापडला. त्यानंतर अवघड केस असली की तेच सर्जन आधी विचारीत, ‘आज त्या सिस्टर आहेत ना?’ ती पुढेही अबोलच राहिली आणि ते कोणालाही खटकले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियांसाठी 19 मुद्द्यांची एक तपासणी यादी आणली. तीत छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असा एक मुद्दा आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली आणि 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आल्याचे दिसले. त्यात त्या एका मुद्द्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले, त्याला पुढे गरज पडली तर बोलणे सोपे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून बैठकीच्या पहिल्या पाचदहा मिनिटांत तू काहीतरी लहानसे बोलून टाक, मग तो साधा प्रश्न असला तरी चालेल. योग्य क्षणाची वाट पाहत बसलास की तासाभराने तोंड उघडणे फार जड होते.

आम्हाला प्रशिक्षणात एका विमान अपघाताविषयी शिकवले होते. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक प्रवासी विमान इंधन संपून कोसळले आणि दहा माणसे गेली. चाकांमध्ये बिघाड असल्याच्या शंकेने कॅप्टन विमान घिरट्या घालत ठेवून होते. इंधन कमी होत असल्याचा उल्लेख फ्लाइट इंजिनिअरने केला होता, पण परिस्थिती किती गंभीर आहे हे कॅप्टनच्या मनावर ठसेल इतक्या ठामपणे ते कोणी मांडले नाही. माणूस बोलला होता, तरी ते पोहोचले नाही. तुझ्या ऑफिसात जीव जात नाहीत, हे मला समजते, पण हळू बोलणाऱ्याने निदान नेमके बोलावे. ‘मला वाटतं, थोडी अडचण येऊ शकेल’ असे म्हणण्यापेक्षा ‘हा भाग शुक्रवारपर्यंत होणार नाही, मला दोन दिवस जास्त लागतील’ असे म्हण, आणि ते शुक्रवारी नव्हे, सोमवारीच सांग. उशीर लोक समजून घेतात. शेवटच्या क्षणापर्यंत कळले नाही, हे मात्र विसरत नाहीत.

बैठकीत जागच्या जागी सुचत नसेल तर विषय आदल्या दिवशी मागून घे आणि आपले म्हणणे चार ओळींत लिहून पाठव. तायडी सांगत होती की येल विद्यापीठातल्या लोकांचा 1958 सालचा एक अभ्यास आहे. एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने सुचवलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या संख्येने जास्त भरल्या. एकत्र बसल्यावर एका वेळी एकच जण बोलतो आणि बाकीचे आपले सुचलेले मनात धरून थांबतात. तेव्हा एकट्याने विचार करणे ही तुझी उणीव आहे असे कोणी सांगितले तर मान्य करू नकोस. फक्त तो विचार तुझ्या वहीतच राहिला, तर टीमला त्याचा काही उपयोग नाही.

आणखी एक. दहा जणांच्या घोळक्यात तुला जमत नसेल तर एकेकट्याशी बोल. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात तू शांतपणे बसून काम समजावून दिलेस, तर तो ते कधी विसरणार नाही, आणि शिकवणे तुला येते, तायडीचे गणित तूच सुधारलेस. दुसऱ्याने केलेल्या मदतीचा चारचौघांत उल्लेख करत जा. आणि जेवताना... पाहा, विचारणार नाही म्हटले होते, पण आईला राहवत नाही. रोज नको, आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या तरी शेजारी बसत जा. बोलले नाही तरी चालेल, ऐकणारे माणूसही लोकांना हवेच असते.

हे पत्र म्हणजे व्याख्यान झाले आहे, याची मला कल्पना आहे, त्याबद्दल क्षमा कर. मागचे काही खोडावेसे मात्र वाटत नाही, कारण तुझ्या बाबांचे काय झाले ते मी पाहिले आहे. ऑफिसातली ती सगळी जुनी रजिस्टरे त्यांनी संध्याकाळी थांबून थांबून नीट लावली आणि त्याविषयी अवाक्षर काढले नाही. बढतीच्या वेळी ते काम दुसऱ्याच्या नावावर मोजले गेले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण त्या दिवसापासून ते ऑफिसविषयी घरी बोलेनासे झाले. तूही रविवारी तसाच विषय बदललास, म्हणून माझा जीव घाबरा झाला. आपण केलेले काम केले म्हणून सांगणे ही फुशारकी नाही, सुहास. आठवडाअखेरीस साहेबांना पाच ओळी लिहून पाठवाव्यात: काय झाले, काय राहिले, कुठे अडले. एवढे तुला नक्की जमेल, कारण लिहिणे तुझ्या हातात आहे.

तू थकला असशील, तर थकलो म्हणून मला सांग. तुझ्या कामाबद्दल मला शंका नाही, ती कधीच नव्हती. तू एकटा पडलास तर आम्हाला सर्वांत शेवटी कळेल, एवढीच भीती आहे.

गुरुवारी साहेबांशी बोलायचे आहे ना? शेऱ्यावर वाद घालू नकोस आणि नुसती मानही डोलावू नकोस. ‘मागच्या वर्षभरात कोणत्या बैठकीत मी बोलायला हवं होतं, असं तुम्हाला वाटलं?’ असे विचार आणि ते जे सांगतील ते त्यांच्यासमोरच लिहून घे. त्यांनी एखादी बैठक सांगितली, तर पुढच्या वेळी फक्त त्या एकाच बैठकीची तयारी कर. बाकीच्यांचे नंतर पाहू.

बाबांचे आशीर्वाद आहेत. तायडीची परीक्षा संपली, ती तुझ्या फोनची वाट पाहत आहे.

तुझी,
आई