भीती वाटते तरी परत बघायचंच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात सध्या रात्री साडेदहानंतर किंकाळ्या ऐकू येतात, शेजारच्या काकूंनी तर एकदा दारच वाजवलं. भाचा हेडफोन लावून हॉरर गेम खेळतोय, घाबरतोय, परत तेच लेव्हल सुरू करतोय. मी म्हटलं अरे कशाला एवढा त्रास, तर म्हणतो मामा तुम्ही एकदा खेळून तरी बघा की.

खेळलो. पिक्चरमध्ये निदान डोळे मिटून घेता येतात हो, इथं त्या अंधाऱ्या खोलीचं दार आपल्याच बोटानं उघडावं लागतं, तिथंच अर्धा जीव जातो. मग आवाज बंद करून बघितलं तर भूत एकदम बिचारं वाटायला लागलं, म्हणजे सगळी करामत आवाजाचीच!

घाबरलं की अंगात अॅड्रेनलिन नावाचं हार्मोन वाढतं, छाती धडधडते, पण आपण सोफ्यावर सेफ आहोत हे डोक्याला माहीत असतं, म्हणून नंतर हसू येतं म्हणे. पटलं. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ मध्ये परत थिएटरला लागला तेव्हा पुढं काय होणार हे माहीत असूनही लोक गेलेच की.

आमची आजी खानापूरकडची, लाईट गेली की चकव्याची गोष्ट सांगायची, रानात माणूस रात्रभर एकाच जागी फिरत राहतो ती. ती ऐकून परसात एकटं जायची टाप नव्हती, पण दुसऱ्या दिवशी आम्हीच तिच्या मागं लागायचो. आता भाच्याला ती गोष्ट सांगितली तर पठ्ठ्या पाण्याला पण एकटा उठेना.

एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव