वळिवड्याच्या छावणीतही शाळा होती

मा. संपादक, सनविवि.

रोहिंग्यांची बातमी आली की आपल्याकडं वाद एकच, ठेवायचं का हाकलायचं. त्यांच्या पोरांच्या शाळेचं कुणी बोलतच नाही म्हणून हे पत्र. बांगलादेशात कॉक्स बाजारला २०१७ मध्ये सात लाखावर माणसं म्यानमारमधनं जीव वाचवून आली. बांबू-ताडपत्रीच्या खोल्यांत वर्ग भरायचे, पण बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला बंदी, का तर शिकली की इथंच राहतील! म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २०२१ संपत आलं आणि तो जरा रुळतोय तोवर जून २०२५ मध्ये देणग्या आटल्या, युनिसेफच्या मदतीवरची हजारो शिक्षण केंद्रं 'तात्पुरती' बंद, ११०० वर स्थानिक शिक्षकांचं काम गेलं.

मी दोन सीझन साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेवर, शिकवलंय, त्यामुळं 'तात्पुरती बंद' म्हणजे काय ते माहितीय. एकदा मानधन थकलं आणि आमची शाळा पंधरा दिवस बंद राहिली. उघडल्यावर पाचवीतली एक पोरगी येईना म्हणून त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलो तर तिच्या काखेत धाकटा भाऊ, पुढ्यात चूल, आणि आई म्हणते, सर आता ही नाय येत, मी फडात गेल्यावर ह्याला कोण बघणार. पंधरा दिवसात घरानं तिचं काम ठरवून टाकलं होतं. हजेरीतनं तिचं नाव कमी करायला माझा हात होईना, सीझन संपेपर्यंत नुसती गैरहजेरी मांडत बसलो. छावणीत तर बाहेर कामाला जायचीही परवानगी नाही, मग पोरगं दलालाच्या बोटीत आणि पोरीचं लग्न.

कोल्हापूरकरांना तरी हे नवीन नसावं. १९४३ ते १९४८ वळिवड्याला, म्हणजे आत्ताच्या गांधीनगरला, पाचेक हजार पोलिश निर्वासित होते, सैबेरियातनं सुटून इराणमार्गे आलेले, बहुतेक बायका नि पोरं. तिथं प्राथमिक शाळा होत्या, हायस्कूल होतं, स्काउटसुद्धा, आणि शिकवणं पोलिशमधनं कारण एक दिवस घरी परत जायचंय. तेही महायुद्ध चालू असताना. खर्च सुरुवातीला लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारचा होता हे मान्य, रोहिंग्यांना तसं सरकारच नाही, पण म्हणून तर बाकीच्यांनी हात आखडायला नको होता ना.

तुमच्या पेपरात पुढची बातमी येईल तेव्हा वर्ग किती उघडले, त्यात पोरी किती, एवढं तरी छापा.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर