आवड आहे ना, मग पैसे कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर दोन पत्रं आली होती. पहिलं एका वडिलांचं होतं, पोरगा दहावीनंतर चित्रकलेला जायचं म्हणतोय, कलाकार शेवटी उपाशीच राहतो मग हा सगळा खटाटोप कशासाठी असं त्यांनी विचारलं होतं. दुसरं त्याला उत्तर होतं, की खऱ्या कलाकाराने पैशाचा विचारच करायचा नसतो, कला ही साधना आहे, पैसा आला की कला संपली. पहिल्या पत्राचा मला अजिबात राग आला नाही, बापाला काळजी वाटणारच. दुसरं पत्र मात्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते, १९ वर्षं झाली. आकडे हेच माझं काम. पण मी पेंटरची मुलगी आहे. आमचे अण्णा बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, गणपती मंडळांची कमान, आणि जत्रेच्या नाटकांचे पडदे. लहानपणी सुट्टीत माझं काम एकच, शिडी धरायची. अण्णा वर, मी खाली, डोक्यावर रंगाचे थेंब, आणि पत्र्यावर खडूची दोरी आपटली की जी सरळ पांढरी रेघ उमटायची ती बघायला मला फार आवडायचं.

अण्णा गेले २०१६ ला. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती तेव्हा, आणि खालच्या खोलीतले त्यांचे डबे, ब्रश, स्टेन्सिल, सगळं चिखलात गेलं. पोटमाळ्यावर एक ट्रंक होती ती तेवढी वाचली आणि तिच्यात त्यांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. आता मी रोज वह्याच बघते, त्यामुळे बाकीच्यांनी ज्या रद्दीत टाकल्या असत्या त्या मी वाचायला घेतल्या.

एका पानावर एका हळद व्यापाऱ्याच्या बोर्डाचं काम होतं. पत्रा, रेड ऑक्साईडचा हात, पिवळा, तांबडा, मजुरी, सगळं नीट लिहिलेलं, खाली "काम पूर्ण". आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेला परत एक नोंद, "तांबडा पाव लिटर, ळ परत". त्या रंगाचे पैसे स्वतःच्या खर्चात टाकलेले. मला आधी कळेचना हे काय. मग आईला विचारलं, तिला बरोबर आठवत होतं. हळद मधल्या ळ चं डावं पोट किंचित मोठं झालं होतं, त्यामुळे अक्षर कलंडल्यासारखं दिसत होतं. व्यापाऱ्याला दिसलं नाही, गिऱ्हाइकाला दिसलं नाही, कोणी तक्रार केली नाही. अण्णा रात्री जेवताना गप्प, मग म्हणाले ते ळ पडतंय गं, आणि सकाळी सायकलवर शिडी टाकून गेले, दुकान उघडायच्या आत ळ खोडून परत लिहून आले. व्यापाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नाही.

कलाकार कशासाठी करतो असं कोणी विचारलं की मला ते ळ आठवतं. प्रसिद्धीसाठी म्हणावं तर बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव टाकायचे तेवढंच, आणि ते कोण वाचतंय. पैशासाठी म्हणावं तर पाव लिटर रंग पदरचा गेला. साधना वगैरे शब्द अण्णांच्या तोंडात कधी नव्हता. त्यांना ते चुकलेलं दिसत होतं आणि दिसल्यावर तसंच सोडून येता येत नव्हतं, बस. बाकीच्यांना जे दिसत नाही ते ज्याला दिसतं त्याला गप्प बसवत नाही, एवढंच मला कळलंय.

मिरजेत सतारमेकर गल्लीत पोरीला घेऊन गेले होते तेव्हा हेच बघितलं. तंबोऱ्याची जवारी काढत होते एक वयस्कर चाचा. घोडीचा जो रुंद पृष्ठभाग असतो ज्याच्यावरून तार जाते तो कानसेनं इतका बारीक घासायचा की तार त्याच्यावर टेकते न टेकते अशी झाली पाहिजे, तेव्हा तो भरलेला, गुणगुणणारा आवाज येतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधायची. चाचा एक हात घासायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, नाही, परत घासायचे. मला तर पहिल्यापासूनच छान वाटत होतं, सगळे आवाज सारखेच. पोरगी म्हणाली आई आत्ता बदललं बघ. मला नाही कळलं. तिला कळलं, तेव्हा मला जरा भीतीच वाटली, कारण म्हटलं हिला पण ळ दिसणार.

आता त्याच वहीची दुसरी बाजू सांगते, कारण साधनावाल्यांना ती बाजू ऐकायची नसते. वहीच्या मागच्या पानांवर "येणे" असं लिहून यादी आहे. मंडळं, तालमी, नाटकाच्या कमिट्या, एक शाळा, दोन उमेदवार (एक निवडून आला होता). रक्कम लहान लहान, दोनशे, साडेचारशे, अकराशे. काही खोडलेल्या आहेत म्हणजे मिळाल्या, बऱ्याच तशाच आहेत. मी सवयीने बेरीज केली आणि वही मिटून ठेवली. त्या पैशांत माझी बारावीनंतरची फी निघाली असती, जिच्यासाठी आईने पाटल्या मोडल्या.

आणि हे लोक काही वाईट नव्हते हो. अण्णांना मान द्यायचे, चहा पाजायचे, आरतीला पुढं बोलवायचे. फक्त पैशाचं निघालं की एकच वाक्य, "पेंटर, तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला आवड आहे म्हणून करताय, पैशाचं काय एवढं". मंडपवाल्याला कोणी असं म्हणत नाही. बँडवाल्याला ॲडव्हान्स, लाईटवाल्याला ॲडव्हान्स, डीजेला तर पूर्ण आधी. हळदीच्या सौद्यात मी आजपर्यंत कोणाला म्हणताना ऐकलं नाही की शेतकऱ्याला शेताची आवड आहे म्हणून भाव कमी करा. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो माणूस पाव लिटर रंग पदरचा घालून ळ सुधारतो, नेमकी तीच गोष्ट त्याला पैसे न द्यायचं कारण होते. त्याचा आनंद त्याचा आहे, त्याने केलेलं काम तर आपण वापरतो ना?

मग फ्लेक्स आलं. त्याच्याबद्दल फार लिहित नाही, सगळ्यांना माहिती आहे, दोन-तीन वर्षांत बोर्डाची कामं अर्ध्यावर आली आणि नंतर संपलीच.

पण एक सांगायचंय. त्रासातूनच खरी कला येते असं त्या पत्रात लिहिलंय, ते चूक आहे आणि मी वही बघून सांगू शकते. काम जोरात होतं तेव्हा, १९९० च्या पुढची काही वर्षं, अण्णांनी चांगले सेबलचे ब्रश घेतले होते, भारी इनॅमल वापरायचे, त्या वेळचे दोन बोर्ड अजून शहरात आहेत आणि अक्षरं बघून घ्या, एकेक वेलांटी कशी सुटलीय. फ्लेक्सनंतरच्या वर्षांत वहीत टर्पेंटाईन जास्त आणि रंग कमी आहे, म्हणजे पातळ करून पुरवायचे. केस गळालेला ब्रश. ते शेवटचे बोर्ड फिके आहेत, त्यांना पण ते दिसत होतं, आणि मला वाटतं त्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला, उधारीचा नाही. दिसत असून सुधारता आलं नाही. उपासमारीने कला मोठी होत नाही, हात आखडतो.

आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला नाटकाचा खेळ केला आणि आपण दरवर्षी त्या दिवशी रंगभूमी दिन साजरा करतो. पण तो खेळ उभा राहिला त्याच्यामागे सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय होता, खर्च होता. १८५१ ला राजेसाहेब वारले, आश्रय गेला, तेव्हा भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट लावलं म्हणून नाटक बाटलं का? उलट तिकीट लावलं म्हणून मराठी नाटक जगलं.

आणि ज्यांना तिकिटाचा पैसा पुरला नाही किंवा पोचला नाही ते पण आपलेच आहेत. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कुलकर्ण्यांचं घर, वतन सोडून तमाशात गेले, लावण्यांनी महाराष्ट्र वेडा केला, आणि १९४५ ला हलाखीत गेले. त्याच वाळव्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, दीड दिवस शाळा, गावाहून मुंबईला चालत गेलेलं कुटुंब, एवढं लिहिलं, परदेशी भाषांत गेलं, आणि १८ जुलै १९६९ ला गेले तेव्हा गरिबीच होती. २००२ ला त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं. आपण जयंत्या मोठ्या करतो, मिरवणूक काढतो, चांगलं आहे, मी पण जाते. पण दर वेळी भाषणात "हालअपेष्टा सोसून" हे असं सांगतात जसं काही ते त्यांच्या मोठेपणाचं सर्टिफिकेट आहे. ते आपलं देणं राहिलेलं आहे. सरकार आता ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, मिळतं त्याला आधार होतो, पण ते म्हातारपणी. तीस-चाळीस वर्षं घर चालवायचं त्याचं काय?

मग हा संघर्ष करावा का, असं त्या वडिलांनी विचारलंय. दादा, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझी पोरगी गेल्या वर्षी चित्रकलेच्या डिप्लोमाला गेली, तेव्हा मी दोन महिने तिच्याशी नीट बोलत नव्हते. नातेवाईक म्हणायचे इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड काढून दहावीला ७ मार्क वाढले ना, झालं की चित्रकलेचं काम, आता सायन्स घे. मी पण तेच म्हणत होते. मला अण्णांच्या वहीतली "येणे"ची यादी दिसत होती. पण रात्री दोन वाजता उठले तर ती खोलीत लाईट लावून एकच हात, म्हणजे माझाच, पीठ मळतानाचा, सातव्यांदा काढत बसलेली, आधीचे सहा जमिनीवर पडलेले. मला सहाही बरोबर वाटत होते. मी काही बोलले नाही, तिच्याकडे पाण्याचा तांब्या ठेवून आले. तिला थांबवून ती थांबणार नाही हे मला कळलं, फार तर चोरून करेल आणि माझ्यावर रुसून करेल.

तुमच्या मुलाचं मला माहीत नाही. त्याला फक्त अभ्यास नको म्हणून चित्रकला हवी असेल तर महिन्या-दोन महिन्यात दिसेलच. पण कोणी न सांगता तो एकच गोष्ट परत परत करत असेल आणि तुम्ही छान म्हटल्यावरही त्याचं समाधान होत नसेल, तर त्याला अडवू नका. फक्त एक गोष्ट आत्तापासून शिकवा जी आमच्या अण्णांना कोणी शिकवली नाही. दर आधी सांगायचा, कागदावर लिहून घ्यायचा, निम्मे आधी घ्यायचे, आणि हे मागताना मान खाली घालायची नाही. मी माझ्या पोरीला बिलबुक छापून दिलंय.

आणि आता गणपती येतायत, म्हणून सगळ्या मंडळांच्या पोरांना हात जोडून सांगते. तुमच्या गल्लीतला जो कोणी देखावा रंगवणार, पडदा करणार, रांगोळी घालणार, स्टेजवर गाणार, त्याला नारळ आणि शाल द्या, नक्की द्या, पण त्याच्या आधी वर्गणीच्या हिशेबात त्याच्या नावाची ओळ टाका. "आपलाच आहे" म्हणून शेवटी उरले तर बघू असं करू नका. शेवटी कधीच काही उरत नाही, मी हिशेब लिहिते, मला माहिती आहे.

पोरीला परवा पहिलं काम मिळालं, एका शाळेची कंपाऊंडची भिंत. तिने दर सांगितला, ते म्हणाले शाळा आहे, लहान मुलांसाठी आहे, जरा कमी करा. तिने थोडे कमी केले पण निम्मे आधी मागितले आणि त्यांनी दिले. वहीत "जमा" म्हणून पहिली नोंद मी स्वतः केली. रविवारी सकाळी सातला सुरुवात आहे, भिंत उंच आहे, शिडी धरायला मी जाणार आहे.

आपली नेहमीची वाचक,
गावभाग, सांगली