काकू, ती बरणी नेलीत म्हणून

काकू, सप्रेम नमस्कार.

रोज जिन्यात भेटतो, पण हे तोंडावर बोलायला जमलं नसतं. म्हणून असं चारचौघांत लिहितेय.

2020च्या लॉकडाउनमध्ये अनेकांसारखं मीही कणीक-पाणी कालवून सावरडोचं, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता आंबवून केलेल्या पावाचं, विरजण लावलं. सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू! पहिला पाव फुगला तेव्हा त्याचे फोटो तुम्हालाही पाठवले होते. पण पुढे त्या बरणीचं तान्ह्या बाळासारखं करावं लागायला लागलं. पन्नास ग्रॅम विरजण ठेवायचं, त्यात पन्नास कणीक, पन्नास पाणी आणि उरलेलं टाकायचं. अन्न टाकताना दरवेळी आजी आठवायची. पुण्याच्या एप्रिलात सकाळी सातला खाऊ घातलेलं अकराला काठोकाठ आणि दुपारी पार बसलेलं. फ्रीजमध्ये ठेवलं तरी ते मनातून काही जाईना. शनिवारी दर अर्ध्या तासाला पिठाला घड्या घालायच्या, रात्री ते फ्रीजमध्ये (दूध बाहेर!), आणि रविवारी पहाटे उठून बिडाचं भांडं तापवायचं. एवढं करून आमचे हे विचारणार, "आंबलाय का गं?"

गेल्या मे महिन्यात सांगलीच्या लग्नाला निघालो. आठ दिवसांचा मुक्काम, म्हणून बरणी मांडीवर घेतली. कराड यायच्या आत झाकण उडालं. नव्या साडीवरचा तो चिकट, आंबूस ओघळ अजून डोळ्यांसमोर आहे.

परत आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "तुला स्वतःला आवडतो का गं हा पाव?" मी गप्प. "मग दे इकडे."

तुम्ही ते फेकलं नाहीत, हे माझ्यासाठी फार मोठं. तांदळाच्या पिठीत ते कालवलंत, मीठ घातलंत आणि तासा-दोन तासांनी बिडाच्या तव्यावर आंबोळ्या! काय जाळी पडली होती! लसणीच्या चटणीबरोबर यांनी पाच खाल्ल्या. आंबट म्हणाले नाहीत.

गेल्या रविवारी मी साडेआठला उठले. कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादीपाव आणला, चहात बुडवून खाल्ला आणि पुन्हा आडवी झाले.

भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून तुम्ही बरणीत लिंबाचं लोणचं भरून दिलंत. मुरायला महिना लागेल म्हणालात. तोवर त्याला काही खायला घालावं लागत नाही ना?

तुमची,
वरच्या मजल्यावरची