इंजिनाचे वजन कशावर बसले आहे, हे विचारणाऱ्या अनोळखी काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

बोट पाण्यात सोडण्याच्या उतारावर त्या सकाळी आपली भेट झाली तेव्हा मी आपले नाव विचारले नाही. घरी पोहोचल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर आपली मोजपट्टी सापडली आणि ती कोणत्या पत्त्यावर पाठवावी, हेही मला कळेना. आभार मानायचे तर राहूनच गेले होते. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ते कधीतरी आपल्यापर्यंत पोहोचेल. आणि तोवर माझ्यासारखीच चूक करणाऱ्या एखाद्याच्या नजरेस पडले, तरी आपण खर्च केलेल्या त्या दोन तासांचे चीज होईल.

माझी चूक आपल्याला आठवत असेलच. फायबरची जुनी बोट, तिच्या मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, बोल्टने आवळलेले ६० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आणि ते सगळे एका आसाच्या ट्रेलरवर. ट्रेलर ओढायच्या वेळी मी बटण दाबून इंजिन पूर्ण वर उचलत असे, टिल्ट सपोर्टचा लहानसा खटका खाली पाडत असे, आणि इंजिन त्या खटक्यावर टेकल्याचा आवाज आला की निर्धास्तपणे गाडी सुरू करत असे. बोट विकणाऱ्याने तसेच दाखवले होते आणि मला ते शहाणपणाचेही वाटत होते, कारण पंखा जितका वर तितका तो सुरक्षित, असा माझा सरळ हिशेब होता.

आपण बोटीभोवती एक फेरी मारली, मागे येऊन थांबलात आणि एवढेच विचारलेत, “हे सगळं वजन शेवटी बसलंय कशावर?” मी मोठ्या आत्मविश्वासाने खाली बसून खटक्याकडे बोट दाखवले. त्यावर आपण उत्तर देण्याआधी मला दंडाला धरून बाजूला ओढलेत, कारण मी नेमका वर उचललेल्या गिअरकेसच्या, म्हणजे पंखा बसवलेल्या खालच्या टोकाच्या, खाली बसलो होतो. उचललेल्या इंजिनाखाली कोणीही जाऊ नये, हा त्या दिवशीचा पहिला धडा मला शब्दांआधी हिसक्याने मिळाला आणि तो तसाच लक्षात राहिला आहे.

मग आपण मला खटका नीट पाहायला लावलात. त्याची एक कड वाकली होती आणि ज्या जागी तो टेकत होता तिथला रंग घासून आतला धातू चमकत होता. तसल्या इंजिनाचे वजन साधारण ११० किलो असते. बोट उभी असताना तो खटका हे वजन सहज पेलतो, कारण तो त्यासाठीच असतो: बोट धक्क्याला बांधलेली असताना किंवा दुरुस्तीच्या वेळी इंजिन वर राहावे म्हणून. रस्त्यावर मात्र वजन स्थिर राहत नाही. चाक खड्ड्यात आदळले की बोट खाली जाते, पुन्हा उसळते, आणि मागे लांबवर आडवा पसरलेला इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, बिजागरीभोवती हेलकावे खातो. प्रत्येक हेलकाव्याचा धक्का त्या बोटभर रुंदीच्या तुकड्यावर येतो, तिथून ब्रॅकेटवर, ब्रॅकेटच्या बोल्टांवर आणि शेवटी ट्रान्समवर. फायबरच्या बऱ्याच जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवुडचा गाभा असतो आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून तो आतल्या आत कुजलेला असू शकतो, हे आपण सांगितलेत तेव्हा मी पहिल्यांदा ट्रान्समच्या कोपऱ्यांतल्या केसाएवढ्या भेगांकडे पाहिले. त्यांना मी तोपर्यंत केवळ रंगाच्या भेगा समजत होतो.

“पण हायड्रॉलिकचा दट्ट्या आहे ना,” असे मी म्हणालो होतो. आपण हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. दट्ट्यातले तेल इंजिन उचलून धरते हे खरे. परंतु तो दाब झडपांमधून आणि सीलमधून हळूहळू उतरू शकतो, आणि तासन्तास बसणारे हादरे झेलणे हे त्या व्यवस्थेचे काम नव्हे. म्हणजे माझ्या इंजिनाला वर धरणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक वाकलेली होती आणि दुसरी कधी सैल पडेल याचा नेम नव्हता.

यानंतर आपण जे केलेत, त्याचे मोल मला पुढे अनेक महिन्यांनी कळले. आपण इंजिन पूर्णपणे खाली, पाण्यात चालताना असते तसे उभे केलेत आणि मोजपट्टी काढलीत. उभ्या स्थितीत पाय बिजागरीवर लोंबकळत नाही. तो ट्रान्समला आवळलेल्या ब्रॅकेटवर टेकून बसतो आणि हेलकावे खायला त्याला जागाच उरत नाही. म्हणून जमिनीपासून अंतर पुरेसे असेल तर इंजिन उभेच ठेवून न्यावे, ही आपली पहिली पसंती होती. माझ्या बाबतीत अंतर पुरेसे नव्हते. पंख्याखालच्या पात्यासारख्या भागापासून, म्हणजे स्केगपासून, जमीन अवघी १४ सेंटीमीटर होती. सपाट रस्त्यावर तेवढे चालूनही गेले असते. परंतु पुढे एकदम चढ लागला की ओढणाऱ्या गाडीचा हुक वर उचलला जातो, ट्रेलर चाकांवर मागे कलतो आणि बोटीच्या सर्वांत मागे असलेली स्केग तितकीच खाली झुकते. हे समजावताना आपण चपलेवर काडी ठेवून ट्रेलर करून दाखवलात. इतके स्पष्ट चित्र मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही.

तेव्हा उचलायचे, पण लागेल तेवढेच, आणि उचललेले वजन खटक्यावर किंवा तेलावर नव्हे, तर भरीव वस्तूवर टेकवायचे, असा आपला निर्णय झाला. आपल्या गाडीतून कठीण लाकडाचा एक जाड तुकडा निघाला. तो आपण मापाने कापलात, कडा घासून गोल केल्यात आणि इंजिनाचा फिरता भाग व ट्रान्समला आवळलेला ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत असा बसवलात की दट्ट्याच्या चकचकीत दांड्याला तो कुठेही घासणार नाही. त्या दांड्यावर एक ओरखडा पडला तरी तो आत-बाहेर होताना तेलाचे सील कापत राहतो. मग बटण दाबून इंजिन हळूच खाली आणलेत, ठोकळा दोन्हींच्या मध्ये घट्ट दाबला जाईपर्यंत. ठोकळ्याला भोक पाडून दोरी ओवून ती ब्रॅकेटला बांधलीत, कारण “एकदा रस्त्यावर पडला की परत मिळत नाही.” वरची बाजू कोणती, हे पेन्सिलीने लिहून दिलेत.

पाठोपाठ आपण सुकाणूकडे वळलात. इंजिन वर-खाली हलू नये म्हणून इतका खटाटोप करायचा आणि डावी-उजवीकडे त्याला मोकळे सोडायचे, हे विसंगत आहे, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. इंजिन सरळ रेषेत आणून सुकाणूचे चाक बांधायला आपल्याला पाच मिनिटे लागली.

माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र इंजिनाबद्दल नव्हतीच. मी बोट ट्रेलरला फक्त पुढून, विंचच्या, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरकाच्या, पट्ट्याने बांधली होती. विंच बोटीला पुढे ओढून धरते, ट्रेलरवर दाबून धरत नाही; मागची बाजू मोकळी असेल तर प्रत्येक खड्ड्यावर बोटीचा मागचा भाग, इंजिनासकट, ट्रेलरवरून उचलला जाऊन पुन्हा आपटतो. आपण ट्रान्समवरच्या दोन्ही कड्यांना रॅचेटचे पट्टे लावून ते ट्रेलरच्या चौकटीला आवळलेत, पुढे विंचखेरीज साखळीही लावलीत आणि मला बोट हलवून पाहायला सांगितलेत. ट्रेलर हलला, बोट त्याच्यासोबत हलली. दोघांमध्ये वेगळी हालचाल नव्हती. आधारासाठी कोणतेही साधन वापरा, ते या पट्ट्यांशिवाय निम्मेच काम करते, असे मी आता ठामपणे म्हणू शकतो.

घरी आल्यावर मी इंजिनाची पुस्तिका प्रथमच शेवटपर्यंत वाचली आणि थोडा ओशाळलो. यामाहा, मर्क्युरी यांसारख्या उत्पादकांच्या पुस्तिकांत हेच स्पष्ट लिहिलेले असते: ट्रेलरवर इंजिन शक्यतो उभ्या स्थितीत न्यावे, अंतर कमी पडत असेल तर वेगळा आधार देऊन उचलावे, आणि टिल्ट सपोर्टचा खटका बोट ओढताना वापरू नये. ते पान माझ्याकडे होतेच. ते उघडून पाहण्याची गरज मात्र आपल्या प्रश्नामुळे वाटली.

पुढे मी ट्रान्सम सेव्हर म्हणतात ती दांडीही घेऊन पाहिली. तिचे एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीला अडकते, दुसऱ्या टोकाचे रबर लावलेले बेचके इंजिनाच्या पायाला खालून धरते, आणि इंजिन त्या बेचक्यात हलकेच टेकवून पट्ट्याने बांधायचे असते. हिच्याबद्दल बोटवाल्यांत दोन तट आहेत. इंजिनाचा भार ट्रान्समऐवजी ट्रेलरच्या चौकटीवर जातो, हा तिचा गुण. परंतु ट्रेलरला बसलेला धक्का त्याच वाटेने थेट गिअरकेसपर्यंत पोहोचतो, आणि बोट ट्रेलरवर सैल असेल तर दांडी इंजिनाला खालून ढोसत राहते, हा तिचा दोष. ठोकळ्याच्या व्यवस्थेत दोन्ही टोके बोटीवरच असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही, पण भार ट्रान्समवरच राहतो. ट्रान्सम शाबूत आणि इंजिन मध्यम असेल तर मला ठोकळा बरा वाटतो. २०० किलोच्या पुढचे इंजिन एखाद्या शंकास्पद ट्रान्समवर असेल, तर मी दांडीच लावीन, मागचे पट्टे दुप्पट काळजीने आवळून. आपल्याला हे मत कितपत पटेल, हे विचारायची फार इच्छा आहे.

आपण निघता निघता सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. बोट पाण्याबाहेर काढली की इंजिन आधी पूर्ण उभे करून त्यातले पाणी निथळू द्यावे आणि मगच ठोकळा लावावा. एकदा घाईत मी ते टाळले. पायात राहिलेले पाणी संपूर्ण रस्ताभर ठिबकत आले, आणि गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशात हेच पाणी आत गोठून फुगले असते तर काय झाले असते, याचा विचार करत मी ते पुसले. शिकंजाने लावायच्या लहान इंजिनाबद्दलही मी विचारले होते. २५ किलोचे असले तरी त्याचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, म्हणून ते काढून गाडीतच न्यावे, पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवरच आडवे करावे, आणि डोके पायापेक्षा उंच ठेवावे म्हणजे पायातले पाणी इंजिनात उतरणार नाही, हे आपले सांगणे मी माझ्या भावालाही कळवले. त्याचे इंजिन तोवर चुकीच्या कुशीवर प्रवास करत होते आणि हवेच्या वाटेत तेल का येते, हे कोडे त्याला सुटत नव्हते.

आता ट्रेलर घेऊन निघालो की पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा थांबतो. पट्टे नव्यानेच ताणलेले असतात, त्यामुळे त्या पहिल्या थांब्यावर ते हमखास थोडे सैल सापडतात. ठोकळ्यावर हात ठेवून तो दाबलेला आहे ना, हे पाहतो. वाकलेला खटका मी बदलला असून तो आता फक्त अंगणात, बोट उभी असताना वापरतो. ट्रान्समच्या कोपऱ्यातल्या भेगा कारागिराकडून तपासून घेतल्या; गाभा सुदैवाने कोरडा निघाला, आणि त्या भेगांची टोके जिथे होती तिथे मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत. खुणांच्या पुढे त्या अजून सरकलेल्या नाहीत.

ठोकळ्यावरची आपली पेन्सिल मात्र पुसली गेली, म्हणून वरच्या बाजूला मी चाकूने खाच पाडली आहे. मागच्या खेपेला निघण्यापूर्वी आपल्याच मोजपट्टीने मोजले, तेव्हा स्केग जमिनीपासून ३३ सेंटीमीटर वर होती. मोजपट्टी सुखरूप आहे. आपण पुन्हा त्या उतारावर येणार असाल तर कळवावे. ती परत द्यायला मी बोट घेऊनच येईन, म्हणजे बांधणीही एकदा आपल्या नजरेखालून जाईल.

आपला कृतज्ञ,
त्या वाकलेल्या खटक्याचा मालक