दोन आघाड्या, एक बटण

महोदय,

विधानसभेचा उमेदवार जागावाटपाच्या बैठकीत ठरतो. ईव्हीएम समोर येईपर्यंत तडजोड उरकलेली असते. २०१९ला लातूर ग्रामीणची जागा युतीत शिवसेनेकडे गेली आणि मोजणीत ‘नोटा’ २७,५०० मतांसह दुसरा आला, सेनेचा उमेदवार त्याच्याही मागे! निकालावर परिणाम शून्य. अनामत रकमेच्या हिशेबातही नोटाची मते धरत नाहीत.

दुसरी पद्धत मराठवाड्यात वापरात आहेच. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनाने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकतात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. पहिल्या फेरीत तो कोणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्यामुळे लहान पक्षाला मत दिले म्हणून ‘मते खाल्ली’ हा ठपका येत नाही.

घोळ होतो तो लिहिण्यात. आकड्याऐवजी बरोबरची खूण, अक्षरी ‘एक’, दोघांपुढे १, खाली सही. यातले काहीही केले की मत बाद. आणि मतदार कोण, तर पदवीधर! मोजणीही लांबते, हे खरे. शिवाय आजच्या ईव्हीएमवर एकदाच बटण दाबता येते, म्हणून ही पद्धत विधानसभेला आणायची तर कायद्याबरोबर यंत्रही बदलावे लागेल. जागावाटपाची चर्चा छापताना वृत्तपत्रांनी हेही मांडावे.

– एक मतदार, लातूर